आसराच्या शेडातली हवा

आसरा शेडचं दार ढकलून बाहेर आली, तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ओढणीचं टोक डोळ्यांवर दाबून ती तशीच पुढं निघाली आणि थेट एका माणसावर जाऊन आदळली.

"अरे अरे... रडू नका," तो माणूस म्हणाला.

"रडून कोण राह्यलं?" आसरानं ओढणी बाजूला केली. "आत पिलं हायत. त्यांच्या शिटीचा वास हाय हा. जा, जाऊन उभे राहा आत. तुमचं बी असंच होईल."

तो खरंच आत गेला. थोड्या वेळानं खोकत, डोळे चोळत बाहेर आला. आसराला हसू आवरेना.

"झालं समाधान?"

"बिलकुल," तो म्हणाला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत तोही हसायला लागला.

तो भुजंग होता, काकासाहेबांचा धाकटा मुलगा. धावडा गावात काकासाहेबांच्या शेतातून गेल्याशिवाय कुणाला रस्त्याला लागता येत नसे, एवढी त्यांची जमीन. भुजंग आयटीआय करून औरंगाबादला एसी बसवायच्या कामाला होता. ते काम सुटलं म्हणून तो गावी आला होता. नव्व्याण्णव सालचा जानेवारी होता तो. घाटाकडून असा गार वारा सुटायचा की सकाळी बोटं वळायची नाहीत.

आसराचा बाप मल्हारी पिढीजात मेंढ्यांमागे फिरलेला. आसरा बारावी झाली आणि तिनं हट्टच धरला, आता फिरणं पुरे. मेंढ्या विकून मल्हारीनं आपल्या तुकड्यावर कोंबड्यांचं शेड टाकलं. कंपनी एक दिवसाची पिलं देई, वाढवून झाली की घेऊन जाई. पहिल्या हिवाळ्यातच घात झाला. थंडी लागू नये म्हणून चारी बाजूंनी बारदान लावलं, कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, तर आत धूर आणि वास कोंडून पिलं घुसमटली. बारदान वर केलं तर गारठून एकमेकांवर चढून मेली. मल्हारी थकून म्हणाला होता, "ही बॅच बी गेली तर शेड बंद. मंग तुझ्यासाठी बदनापूरच्या पाव्हण्यांना होकार देऊन टाकतो."

पण बदनापूरला जायचं नाही, हे आसराच्या मनात पक्कं होतं.

भुजंग दुसऱ्या दिवशी परत आला.

"औरंगाबादला एका हापिसात मी एक डबा बसवला होता," तो शेडच्या भिंतीला टेकून म्हणाला. "एसीचं हापिस, सगळं बंद. कोंदट हवा बाहेर फेकायची तर तिच्यासंग गारवा बी जाणार. मंग तो डबा काय करतो, बाहेर चाललेल्या हवेचा गारवा काढून आत येणाऱ्या हवेला देतो. तिकडं थंड मुलखात घराघरात ऊब राखायला तेच वापरतात म्हणे. तुमच्या पिलांना बी तेच पाह्यजे. वास बाहेर, ऊब आत."

"आन् तो डबा कुठं भेटतो?"

"विकत घ्यायचा म्हणलं तर इचारू नका. पण बनवता येईल... असं वाटून राह्यलं."

"वाटून राह्यलं, का येईल?"

भुजंगनं तिच्याकडं पाहिलं. असं रोखून कुणी विचारायची त्याला सवय नसावी. "येईल," तो म्हणाला.

आसरानं भोकरदनहून पातळ पत्रे आणले. भुजंगनं घरच्या जुन्या कुलरचे दोन पंखे काढून आणले. शेडच्या मागं, उन्हाला बसून काम सुरू झालं. पत्र्यावर पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्या, कडांना लांबी, म्हणजे फटी बुजवायचा मसाला, भरायची. आसरा पत्रा धरायची, भुजंग ठोकायचा. दोघांची डोकी इतकी जवळ यायची की त्याच्या केसांतल्या तेलाचा वास तिला येई. मग ती उगाच मान वळवून शेडकडं बघे.

"ह्या दोन्ही हवा एकमेकीत मिसळत न्हाईत?" तिनं एकदा विचारलं.

"बिलकुल न्हाई. एका फटीतून जुनी जाते, शेजारच्या फटीतून नवी येते. मधी पत्रा. जाणारी आपली ऊब पत्र्याला देते, पत्रा येणारीला देतो."

"म्हंजे भेट न्हाईच त्यांची?"

"भेट न्हाई. नुसतं शेजारून जायचं..."

"असलं प्रेम मला न्हाई जमायचं बा," आसरा बोलून गेली.

हातोडी भुजंगच्या अंगठ्यावर बसली. त्यानं अंगठा तोंडात धरला, आणि तसंच, अंगठा न काढता विचारलं, "मंग कसलं जमंल?"

आसराचे कान तापले. पण बोललेलं मागं घ्यायची तिची रीत नव्हती.

"मधी पत्रा नसलेलं," ती म्हणाली. "पुढचा पत्रा द्या इकडं."

डबा बसला, आणि पहिल्याच दिवशी फसला. आतल्या दमट हवेचं थंड पत्र्यावर पाणी झालं, ते टपटप पिलांखाली अंथरलेल्या भुशावर पडलं, भुसा भिजला आणि वास दुप्पट झाला. आसरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वास कमी करायला आल्ता ना तुम्ही?"

भुजंगचा चेहरा पडला. आसराला वाटलं, आता हा घरी जाईल. पण तो गेला नाही. त्यानं सगळा डबा खाली उतरवला, उलटासुलटा करून पाहिला, एका बाजूला उतार देऊन परत चढवला आणि खालच्या टोकाला पाईप जोडून पाणी बाहेर काढलं. दिवस मावळला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत लांबी लागलेली होती.

आतली बॅच कशीबशी निभावली, कंपनीनं ती नेली आणि नवी पिलं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आसरानं दार उघडून आत डोकं घातलं आणि तिथंच थांबली. शेगड्या निम्म्याच पेटल्या होत्या, तरी आत ऊब होती. नाकाला नुसता भुशाचा आणि मक्याचा वास येत होता. पिलं कोपऱ्यात गठ्ठ्यानं न बसता सगळ्या शेडभर पसरून दाणे टिपत होती. मागून भुजंग आला. दोघं दारात खांद्याला खांदा लावून बघत राहिली. त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि त्यानं तो काढला नाही. तिनंही काढला नाही.

गावात गोष्ट फिरायला एवढं पुरे होतं. काकासाहेबांचा पोरगा मल्हारीच्या शेडात पडून असतो, पोरगी त्याच्यासोबत हसत असते. काकासाहेबांनी मल्हारीला बोलावून घेतलं. काय बोलले ते मल्हारीनं सांगितलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाला, "माय, आपल्याला ह्याच गावात राहायचं हाय. त्यांच्याच रानातून जाणं-येणं हाय."

भुजंग यायचा बंद झाला.

आसरा रडली नाही. चिडली मात्र पुष्कळ. पत्र्यांच्या फटीत पिसं आणि धूळ बसली, ती तिनं स्वतः झटकली. लाईट गेली की वरचं बारदान थोडं उघडायचं, आली की खाली सोडायचं, हे ती एकटी करू लागली. एक पंखा घुरघुरायला लागला, तर खोलून तेल घातलं. प्रत्येक वेळी स्क्रू पिळताना ती मनात म्हणायची, या ना, या... दाखवते तुम्हाला.

आणि ते आले. भर दुपारी काकासाहेब आले आणि त्यांच्या मागं, खाली मान घालून, हातात पाना घेतलेला भुजंग.

"मल्हारी, आमच्या घरचे पंखे न्यायला आलोत," काकासाहेब म्हणाले. "काढ रे भुजंग."

मल्हारी हात जोडायला लागला. आसरा दारात आडवी उभी राहिली.

"काकासाहेब, पंखे तुमचे हायत. न्या," ती म्हणाली. "पिलं अजून लहान हायत, तरी न्या. मी दुसरे आणून बसवीन, मला आता येतं. पण तुम्ही पंख्यासाठी आला न्हाईत. ज्याच्यासाठी आलात ते बोला."

"पोरी, तोंड सांभाळ."

"सांभाळूनच बोलून राह्यले. तुमचा भुजंग मला पसंत हाय. नवरा म्हणून पाह्यजे मला. चोरून न्हाई, तुमच्या म्होरं सांगते."

मल्हारीनं डोळे मिटून घेतले.

आसरानं भुजंगकडं पाहिलं.

"माझं मी बोलले," ती त्याला म्हणाली. "तुमचं काय हाय ते आत्ताच, हितंच, तुमच्या वडलांसमोर बोला. न्हाई तर ते पंखे काढा आन् परत ह्या वाटेला येऊ नका. मी जगंन, शेड बी जगंल."

भुजंगनं हातातल्या पान्याकडं पाहिलं. मग वडिलांकडं. अंगठ्याचं नख अजून काळंच होतं.

"आबा," तो म्हणाला, "मी भेलो होतो म्हणून आलो न्हाई इतके दिवस. माझी चुकी झाली." त्यानं पाना शेडच्या ओट्यावर ठेवला. "मी हिच्याशी लग्न करणार."

"मंग माझ्या घरात तुला जागा न्हाई."

"बरं," भुजंग म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण तो बाजूला सरकला नाही.

काकासाहेब त्या दोघांना बाजूला सारून शेडात शिरले. पंखे आपल्याच हातानं ओढून काढायचे, असं त्यांच्या मनात असावं. आत जाऊन ते उभे राहिले. नाकाला लावलेलं उपरण्याचं टोक हळूहळू खाली आलं. पायाशी पिलं चिवचिवत होती. पंख्याला त्यांनी हात लावला नाही. वळून, कुणाकडंही न बघता ते बाहेर निघाले.

"दार लावून घ्या, काकासाहेब," आसरा मागून म्हणाली. "पिलांना गार लागतं."

ते थबकले. रागानं त्यांची मान ताठ झाली होती. तरी त्यांनी हात मागं नेला आणि दार ओढून घेतलं. मग तरातरा बांधावरून निघून गेले.

भुजंग आसराजवळ आला, पण मल्हारी समोर होता म्हणून हातभर अंतरावर थांबला. आसरानंच ते अंतर संपवलं. वडिलांच्या देखत तिनं त्याचा कामानं खरखरीत झालेला हात धरला.

मल्हारी दोघांकडं बघत राहिला. जन्मभर दुसऱ्याच्या रानाच्या कडेकडेनं, नजर चुकवून चाललेला तो माणूस. त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली, झटकली आणि ओट्यावर नीट पसरली, चारी कोपरे हातानं सारखे केले.

"उभे काहून राह्यले," तो भुजंगला म्हणाला. "बसा, जावईबापू."