दोन नंबरचा रिमोट

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आलेल्या नलूला तिसऱ्याच आठवड्यात नवऱ्याने काम सांगितलं. काम काय, तर कॅसेटला फुंकर मारायची.

माधवला जुन्या व्हिडिओ गेमचा नाद. मशिनं मरतात, कॅसेटी गंजतात, मग ते खेळ जणू कुणी खेळलेच नव्हते. म्हणून तो एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचा. दोनशे उतरल्या. अडली ती एकच, सोनूआत्याची. रणगाड्यांचा खेळ, कुठल्याच यादीत न सापडलेला. संपात गिरणीतली नोकरी सुटली आणि रिळिंग खात्यात सूत गुंडाळणारी आत्या घरी बसली. पुढे पोरक्या भाच्याला, म्हणजे माधवला, वाढवताना त्याच्याशी रोज दुपारी हाच खेळ खेळायची. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

"एकदा लागली तरी पुरे, नलू. लागली की कॉम्प्युटरचं हे बटण दाब, खेळ उतरायला लागेल. चिप गेली तर आत्याचा खेळ कायमचा गेला," असं म्हणून माधव कामावर गेला.

दुपार झाली. खालच्या गल्लीत मिरच्या कुटणारे डंकसुद्धा जेवायला थांबले. नलूने फुंकर मारली. पडद्यावर नुसत्या रेघा. पुन्हा मारली. रेघाच. तिसऱ्यांदा कॅसेट तोंडाशी नेली, तर फुंकर तिच्या आधीच आली... मागून, मानेजवळून. कोमट. मिश्रीच्या वासाची.

मागे कोणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

कॅसेट लागली. नलूने बटण दाबलं, कॉम्प्युटरवर टक्क्यांचा आकडा चढू लागला, आणि तिने एक नंबरचा रिमोट उचलला. दोन नंबरचा चटईवर पडला होता, आणि त्याची बटणं आपोआप खाली-वर होत होती. टक्... टक्... तुटलं सूत जोडणाऱ्या बोटांच्या चपळाईने.

पळावं, तर खेळ बंद पडून उतरवणं अर्धवट राहील. सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे हार घ्यावी, असं आईने बजावलेलं. नलू मुकाट्याने गोळे खात राहिली.

बटणं थांबली. समोरचा रणगाडा नुसता उभा. कॉम्प्युटरवरचा आकडा चाळीसवर अडकला.

"राग आला का... आत्याबाई?"

आकडा हलेना.

"बरं. मग रडायचं नाही हं." नलूने ओढणी कमरेला बांधली आणि गोळा डागला.

टकटक पुन्हा सुरू झाली. काय खेळल्या दोघी! नलू ओरडली, दातओठ खाल्ले, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सतरा डाव हरली, अठरावा जिंकली. आकडा शंभरवर गेला, बटणं निवांत झाली.

संध्याकाळी अख्खा खेळ उतरलेला बघून माधव खोलीभर नाचला. "कशी लागली गं?"

"फुंकरीनं." कोणाच्या, ते तिने सांगितलं नाही. नव्या सुनेने सगळंच बोलू नये.

एक प्रत दुसऱ्या घरी असावी म्हणून माधवने ती माटुंग्याच्या चिंतामणीला, आपल्यासारख्याच नादिष्ट मित्राला, पाठवली. तासाभरात त्याचा फोन आला, माधवने तो स्पीकरवर घेतला. आवाज दबका.

"माधव... एकटाच खेळतोय, तरी चारदा हरलो. ते सोड. पण हरलं की पाठीत धपाटा कोण घालतंय रे?"

माधवचा हात आपसूक स्वतःच्या पाठीवर गेला. मग तो डोळे पुसत हसतच सुटला.

नलूला मात्र जरा रुसायलाच झालं. सतरा डाव हरूनही तिला एकही मिळाला नव्हता. परकीच का मी अजून?

तोच तिच्या पाठीत हलकाच एक बसला. आणि त्याच क्षणी फोनमधून चिंतामणी कळवळला, "आई गं!"