चार नंबरच्या खाटेची नोंद

तशी ही गोष्ट भरदुपारची. थर्मासमध्ये गरम पाणी भरून सून वॉर्डात परतली, तेव्हा भेटायला आलेली माणसं निघून गेली होती. पडदे ओढलेले, सगळं कसं चिडीचूप. चार नंबरच्या खाटेवर सासूबाई तापाच्या ग्लानीत होत्या. त्या उठून बसेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असं सुनेने सकाळीच देवाला सांगितलं होतं. मनातल्या मनात. नवऱ्यालाही पत्ता नव्हता.

सिस्टर इंजेक्शन भरून आली. पोरगी गोड, पण कॉम्प्युटर आल्यापासून तिचा जीव मेटाकुटीला आलेला. खाटा वीस आणि हात दोन, म्हणून मागच्या पाळीची नोंदच ती एक बटण दाबून पुढे ढकलायची. सगळ्याच तसं करायच्या. ‘कोणतं औषध सोसत नाही?’ या रकान्यात पहिल्या दिवशी कुणीतरी न विचारताच ‘कोणतंही नाही’ असं भरलं होतं. पाच दिवस तेच चाललं होतं.

"आजपासून नवं औषध हं, ताई," म्हणत तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

खळ घातलेल्या सुती साडीचा वास दोघींच्या मधून हलकेच गेला. रकान्यात अक्षरं उमटत होती. एकेक, सावकाश, म्हातारं माणूस लिहितं तशी.

‘हे इंजेक्शन देऊ नका. बाळंतपणात यानेच हिचा श्वास कोंडला होता.’

"कोण लिहितंय?" सुनेने हळूच विचारलं.

"खाली नाव येतंय... आमच्या मोठ्या सिस्टरचं." पोरीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, ताई..."

तळघरातून पोरीने सासूबाईंच्या बाळंतपणाची, तीस वर्षांपूर्वीची फाइल शोधून आणली. त्यात लाल शाईने तेच लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी औषध बदललं. सिस्टर रडायला लागली, तशी सुनेने तिला जवळ घेतलं. "रडू नकोस बाळ. यापुढे विचारून लिहीत जा, म्हणजे झालं."

डोळे पुसून पोरगी उठली. खाटेखाट फिरून तिने प्रत्येकाला नव्याने विचारलं. शेवटी चार नंबरची नोंद उघडली, तर तिच्याआधीच तिथे एक ओळ येऊन बसली होती.

‘सून सकाळपासून उपाशी आहे. तिला जेवू घाला. देवाला मी सांगितलंय.’