टोस्टघरची तपासणी

भाद्रपदातली भुरभुर चालली होती, आणि त्याची मोटरसायकल नेमकी ‘टोस्टघर’च्या दारात बंद पडली.

‘‘चहा मिळेल?’’ हेल्मेट काढत त्याने विचारलं.

‘‘चहा नाही. सँडविच मिळेल.’’

‘‘मग तेच द्या. गाडी रुसली आहे, मी तरी उपाशी कशाला राहू?’’

काउंटरमागे रिद्धी हसली. धुळ्यात देवपूरच्या कॉलेज रस्त्यावरचं हे छोटंसं दुकान तिचं स्वतःचं होतं. वडिलांचा, मोहनलालजींचा, किराणा सोडून मुलगी सँडविच विकते म्हणून नातेवाईक नाकं मुरडायचे. पण संध्याकाळी इथे बसायला जागा नसायची.

‘‘ऑर्डरला नाव काय लिहू?’’

‘‘अभिमन.’’

‘‘हे तर आजोबांचं नाव वाटतं...’’

‘‘त्यांचंच आहे. मला वापरायला दिलंय.’’

गाडी दुरुस्त झाली, तरी तो येत राहिला. कोपऱ्यातलं टेबल, चीज-मिरची टोस्ट आणि हिरवी चटणी दोनदा. नोकरी सरकारी, एवढंच सांगायचा. ‘‘कुठल्या खात्यात?’’ असं तिने विचारलं की म्हणायचा, ‘‘सांगितलं तर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही.’’ वीज कापायला येणारा असेल, असं ठरवून तिने ते सोडून दिलं. त्याच्या गाडीचा आवाज मात्र ती आता लांबूनच ओळखायची... आणि उगाचच ओढणी नीट करायची.

मग एका दुपारी तो आला तो गळ्यात ओळखपत्र आणि हातात नमुन्याच्या बाटल्यांची पेटी घेऊन. नजर काउंटरवर होती, तिच्यावर नव्हती.

‘‘मी अन्न सुरक्षा अधिकारी आहे. तक्रार आली आहे. इथलं सँडविच खाऊन एका मुलीला दवाखान्यात न्यावं लागलं. स्वयंपाकघर बघावं लागेल.’’

आत काय आहे ते रिद्धीला ठाऊक होतं. फ्रिजमागे झुरळं. दाराच्या रबरावर काळी बुरशी. काकडी-टोमॅटोच्या चकत्या उघड्या. आज गर्दी आहे, उद्या घासू, असं म्हणत तिनेच महिनाभर ढकललं होतं. अभिमन वाकून एकेक बघत होता, लिहीत होता. ज्या हाताने तिने त्याला कौतुकाने वाढलं, तो हात कुठे लपवावा हे तिला कळेना.

शेवटी त्याने चटणीचा डबा उचलला. चटणी दोन दिवसांपूर्वीची होती, आणि सकाळीच तिने त्यावर आजच्या तारखेची चिठ्ठी चिकटवली होती.

‘‘ही कधीची?’’

‘‘आज सकाळची.’’

त्याने झाकण काढलं. वर काळपट थर आला होता. रोज संध्याकाळी खाल्लेल्या चटणीचा रंग तो काय ओळखत नव्हता?

‘‘रिद्धी...’’ त्याने पहिल्यांदाच तिला नुसत्या नावाने हाक मारली. ‘‘नक्की?’’

‘‘सांगितलं ना, आजचीच.’’

त्याने नमुना भरला. साफसफाई होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत दुकान बंद ठेवा म्हणाला, अहवालाची प्रत काउंटरवर ठेवली आणि गेला.

झुरळांची नोंद तिने कशीबशी वाचली. पण खालची ओळ वाचवेना – ‘मालकांच्या सांगण्यानुसार चटणी त्याच दिवशीची.’ तिचं खोटं त्याने जसंच्या तसं, सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं.

घरी मोहनलालजी म्हणाले, ‘‘बेटा, धंद्यात असं होतं. कोणाची तरी ओळख काढू, मिटवून टाकू.’’

‘‘नको पप्पा. मिटवण्यासारखं नाही ते.’’

दुसऱ्या दिवशी शहाळं घेऊन ती दवाखान्यात गेली. तहरीम, कॉलेजची पहिल्या वर्षाची मुलगी, हाताला सलाईन लावून पडली होती. रिद्धीला बघताच तीच ओशाळली.

‘‘दीदी, तक्रार मी नाही केली... अब्बूंनी केली. तुमची चटणी मला फार आवडते.’’

‘‘ती शिळी होती,’’ रिद्धी म्हणाली. ‘‘मला माहीत होतं, तरी दिली.’’

तहरीमच तिचा हात धरून बसली, आणि त्यामुळे रिद्धीला जास्तच लाज वाटली.

मग फ्रिज हलला, भिंती खरवडल्या, सगळे डबे नवे आले. फेरतपासणीच्या दिवशी मात्र दारात अभिमन नव्हता. दुसऱ्याच अधिकारी होत्या, वाघ मॅडम.

‘‘ते साहेब...?’’

‘‘त्यांनी लेखी दिलंय, की या दुकानाची तपासणी ते करणार नाहीत.’’

रिद्धीची मान खाली गेली. तोंडसुद्धा बघायचं नसेल त्याला. बरोबरच होतं. मॅडमनी सगळं तपासलं, ठीक आहे म्हणाल्या, पेन बंद केलं. तेव्हा ती घाईने म्हणाली,

‘‘मॅडम, अजून एक लिहा. मागच्या वेळी मी खोटं बोलले. चटणी त्या दिवशीची नव्हती. तारीख मीच बदलली होती.’’

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘हे न सांगताही तुमचं दुकान उघडलं असतं. आता दंड वाढेल.’’

‘‘वाढू दे.’’

दुकान पुन्हा उघडलं त्या संध्याकाळी गिऱ्हाईक तुरळकच होतं. दारात गाडीचा ओळखीचा आवाज येऊन थांबला. अभिमन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

‘‘आत येऊ?’’

‘‘तपासायला?’’

‘‘ते आता कधीच नाही.’’

‘‘कळलं मला... माझी किळस आली असेल.’’

‘‘किळस?’’ तो गोंधळला. ‘‘अहो, त्या दिवशी येण्याआधीच मी नकार द्यायला हवा होता. तुमच्या डब्याचं झाकण उघडताना देवा, चटणी ताजी निघू दे, असं म्हणत होतो मी. अशा माणसाने तपासणी करू नये. मलाच माझी लाज वाटली.’’

तिचे डोळे भरून आले होते.

‘‘म्हणून लिहून दिलं,’’ तो हळूच पुढे म्हणाला, ‘‘की मालकिणीशी वैयक्तिक ओळख आहे. तर आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले, कसली ओळख, ते स्पष्ट लिहा.’’

‘‘मग... काय लिहिलंत?’’

‘‘म्हटलं, साहेब, तिला विचारून सांगतो.’’

रिद्धीने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. काउंटरमागून बाहेर आली, एक खुर्ची त्याच्यासाठी ओढली आणि समोरच्या खुर्चीवर स्वतः बसली.

‘‘या,’’ ती म्हणाली. ‘‘विचारा.’’