आठ दिवस तुरई

"चोर आहे तो देवराम!" शोभाकाकूंनी गच्चीच्या नव्या कोब्यावर किल्ली ओढली. भुकटी उडाली. "तीन मिस्त्री काम अर्धवट टाकून पळाले, हा चौथा! आज अख्ख्या लालबाग मोहल्ल्यात सांगते. कुणी दारात उभं करणार नाही त्याला."

शेजारच्या प्रशांतला ते पटलं. त्याची मावसबहीण मृणालताई मात्र भर उन्हात उकिडवी बसून भेगा बघत होती. बुऱ्हाणपुरात खाजगी गुप्तहेर म्हणून पाटी लावणारी ती एकटीच.

सगळी गच्ची चिरली होती. कपड्यांच्या दोरीखालचा हातभर पट्टा तेवढा गुळगुळीत आणि टणक. त्या दोरीवर रंजिता, काकूंची सून, बाळाची दुपटी टाकत होती. पाणी निथळत होतं.

"तिथे सिमेंट जास्त पडलं असेल," प्रशांत म्हणाला.

सिमेंटवाला चंदन जिन्यातूनच ओरडला, "मी पोती सीलबंद दिली! मिस्त्रीनेच रेती वाढवली असणार."

"आणि नखरे किती!" काकू म्हणाल्या. "काम झाल्यावर यांना फोन. आठ दिवस तुरई करा म्हणे! बरं, केली रोज दोडक्याची भाजी. हा एक दिवस जेवायला फिरकला नाही."

बोलावून आणलेला देवराम मान खाली घालून उभा होता. "भाचीच्या लग्नाला धूलकोटले गेलतो, ताई. सांगायचं ते बाबूजींना फोनवर सांगितलं. उधर बँड वाजत होता. पण माल मी सगळीकडे एकच कालवला."

"काका, फोनवर काय ऐकलंत?" मृणालताईने विचारलं.

"तुरई," काकूंचे यजमान नंदकुमारकाका ठामपणे म्हणाले. "दोनदा विचारलं मी!"

मृणालताई उठली. "माल एक, हात एक, ऊन एक. मग दोरीखालचंच का टिकलं? दुपट्यांचं पाणी तिथे रोज ठिबकलं म्हणून. बाकीचा कोबा तहानेने फुटला. मिस्त्री, नव्या सिमेंटला रोज पाणी पाजतात, त्याला काय म्हणता तुम्ही?"

"तराई," देवराम म्हणाला. "तेच तर बोललो. आठ दिन तराई करा."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. रंजिता खळखळून हसली. "अहो आई, कोबा उपाशी, आणि आम्ही भाजी खातोय!"

"चुकलं हो माझं, देवरामभाऊ," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या.

"होतं, माय. पुन्हा करून देतो."

प्रशांतने वाकून त्या पट्ट्यावर तळवा फिरवला. कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही. हा माणूस चोर असेल असं आपल्याला वाटलंच कसं?

"भाऊ," मृणालताई हळूच म्हणाली, "दोन वर्षं झाली, माझी मोरी गळतेय. उद्या येता?"

काकू जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभ्या राहिल्या. "खबरदार! देवरामभाऊ आमचे आहेत."