तिरक्या इमारतीचं माप

"माझी इमारत सरळ कुणी केली?"

बंगळूरच्या जे. पी. नगरमधल्या त्या छोट्याशा ऑफिसात असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. आसावरीने ड्रॉइंग बोर्डवरून मान वर केली. दारात एक उंच मुलगा उभा होता. भिजलेला शर्ट, हातात नकाशाची गुंडाळी... आणि कपाळावर ह्या एवढ्या आठ्या! पुण्याच्या आर्किटेक्टचा माणूस, शंतनु, तो हाच असणार.

"मी केली," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्या भिंती तिरक्या आल्या होत्या. म्हटलं, काढताना डुलकी लागली असेल बिचाऱ्याला. दोन दिवस खपून पाचही मजले नीट करून दिले."

"अहो, मुद्दाम आहे ते! सहा अंश दक्षिणेला झुकलेली. वरच्या मजल्याची सावली खालच्या खिडक्यांवर पडावी म्हणून!"

"अगं बाई! मग तसं लिहायचं ना, स्वल्प, थोडं तरी!"

"लिहिलंय. पहिल्याच ओळीत."

ती ओळ होती. चांगली ठळक होती. आसावरीचे कान लाल झाले, आणि आठ्या घालून आलेला तो मुलगा खो खो हसत सुटला. झालं, तिथेच सुरुवात झाली.

शहाण्णव सालची गोष्ट. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीसाठी ही तिरकी इमारत उभी राहत होती. ती पडू नये याची जबाबदारी आसावरीचे साहेब, नरसिंहराव, यांच्यावर. मागच्या बाजूला जमिनीत खोल गाडलेले पोलादी दोर तिला घट्ट ओढून धरत. दर शनिवारी वरून ओळंबा सोडायचा, दोरी भिंतीपासून किती लांब आहे ते मोजायचं, आसावरीने वहीत लिहायचं, शंतनुने सही करायची. आकडा बरोबर आला तरच पुढचा मजला. चाळीस वर्षं सरळ भिंती बांधलेला मल्लाप्पा मेस्त्री ओळंबा सोडताना दर वेळी कपाळाला हात लावायचा.

मोजून झालं की दोघं कॉफीला जात.

"तुमच्या बंगळूरची कॉफी म्हणजे औषधाचा डोस," शंतनु म्हणायचा. "एका घोटात संपते."

"मग दुसरी घ्या."

"दुसरी घेतली तर तू अजून दहा मिनिटं थांबशील?"

"पाच," ती म्हणायची, आणि अर्धा तास थांबायची. घरी अण्णा वाट बघत असत. त्यांची नजर अधू झाल्यापासून कापडाचं दुकान बंद पडलं होतं, आणि घर आसावरीच्या पगारावर चाललं होतं. हे तिने एका शनिवारी शंतनुला सांगितलं. त्याने तिच्या हातातली छत्री घेऊन तिच्यावर धरली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी हवा फारच बिघडली. बोचरा वारा, दिवसभर झिमझिम. ओळंबा तेलाच्या बादलीत बुडवला तरी हलायचा थांबेना. तो स्थिर होईपर्यंत वाट बघायची, हा नियम. दोघं वाट बघत उभी होती.

"आसावरी... पुढच्या महिन्यात आई येतेय. तू... भेटशील तिला?"

तिने त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिली. छातीत नुसती धडधड. ओळंबा कुठे, वही कुठे! त्याच तंद्रीत तिने गेल्या शनिवारचा आकडा लिहून टाकला. शंतनुने न बघताच सही केली. बुधवारी पाचवा स्लॅब ओतला गेला.

पुढच्या शनिवारी माप दोन सेंटिमीटर जास्त आलं. तीनदा मोजलं, तीनदा तेवढंच.

"गेल्या आठवड्यात किती होतं?" शंतनुने हळूच विचारलं.

"मी मोजलंच नाही, शंतनु."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्याने त्या क्षणी काम थांबवलं, सगळ्यांना खाली उतरवलं. मागचा एक दोर सैल पडला होता. कुणाला इजा झाली नाही, देवाची कृपा. पण पाचवा स्लॅब आता फोडून काढावा लागणार होता.

सोमवारी नरसिंहरावांच्या टेबलावर शंतनुचं पत्र होतं. त्या दिवशी माप मी घेतलं, आकडा मी सांगितला, आसावरीने फक्त लिहून घेतला. खाली सही.

ऑफिसातल्या भव्याने तिचा दंड धरला. "गप्प बस गं. सही त्याचीच आहे, त्याची नोकरी गेल्यातच जमा. तुझ्या अण्णांचा विचार कर."

आसावरीने केला विचार. अण्णांचाच केला, खूप केला. डोळे भरून आले. मग पदर खोचून ती आत गेली.

"सर, ते पत्र खोटं आहे. माप मी घ्यायचं होतं. मी घेतलं नाही."

नरसिंहरावांनी चष्मा काढला. "वाऱ्याने ओळंबा हलत होता, तेच ना अक्का?"

त्यांनी आपणहून वाट करून दिली होती. फक्त हो म्हणायचं होतं.

"हलत होता. पण थांबले असते तर थांबला असता. मी... मी त्याच्याकडे बघत होते, सर."

मागे दारात कुणीतरी श्वास रोखला. शंतनु.

"त्याने तुला सोडवलं होतं. मग आज का सांगतेस?"

"एकदा त्याच्याकडे बघताना खोटं लिहिलं. आता हेही खोटं ठेवलं, तर पुन्हा त्याच्याकडे बघायचं तोंड राहणार नाही मला."

नरसिंहरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. उद्यापासून येऊ नकोस."

जिन्यात शंतनुने तिला गाठलं. तो चिडला होता, रडवेला झाला होता. "माझी तर गेलीच होती. तुझी तरी राहू दिली असतीस! कशाला बोललीस?"

"प्रेम आहे तुझ्यावर, म्हणून बोलले."

"मग चल पुण्याला. माझ्याबरोबर."

"अण्णांना टाकून?" ती म्हणाली. "आणि तू इथे राहून काय करशील? या गावात तुझा नकाशा आता कोण हातात घेईल, सांग."

बाहेर तसाच पाऊस. त्याने तिचा हात हातात घेतला, पहिल्यांदाच, आणि खाली कुणीतरी येण्याची चाहूल लागेपर्यंत सोडला नाही.

मंगळवारी त्याची गाडी सुटली, तेव्हा आसावरी यशवंतपूरच्या एका कारखान्यात नोकरी मागत बसली होती.

"आधीची का सोडलीत?" समोरच्या साहेबांनी विचारलं.

आसावरीने खरं कारण सांगितलं.