बोडक्या मानांच्या नऊ कोंबड्या

शनिवारी सकाळी कामाक्षी गुरांच्या दवाखान्यात आली, तेव्हा तिच्या काखेत कोंबडी होती आणि हातात नगरपालिकेची नोटीस. दोघींपैकी कोंबडी शांत होती. तिला वाचता येत नव्हतं.

कंपौंडर मुकुंदरावांनी नोटीस वाचली. कोंबड्यांना देवी आल्याची शेजाऱ्याची तक्रार होती. दुपारी तीन वाजता सगळ्या मारून चुन्यात पुरण्यात येतील.

“डॉक्टर कुठं आहेत?” कामाक्षीनं विचारलं.

“तिरुनीलक्कुडीला. बैलांना टोचायला. उद्या येतील.”

“उद्या येऊन काय करतील? चुना वाळला का बघतील?”

नवरा गेल्यापासून ती अंडी विकून जगत होती. मुकुंदरावांनी वीस वर्षं औषधं घोटली होती, रोगाचं निदान एकदाही केलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि कोंबडी टेबलावर घेतली.

मान पुढून पार बोडकी. उरलेली पिसं मुळापासून गळलेली नव्हती, अर्ध्यात तुटली होती. तुऱ्याच्या दोन्ही बाजूंना खपल्या होत्या, एका सरळ रेषेत. डोळे स्वच्छ. चोचीच्या आत काही नाही.

एका खपलीला काळा ठिपका चिकटला होता. ऊ सापडली म्हणून मुकुंदरावांना बरं वाटलं. चिमटीत धरून पाहिलं, तर तीळ होता. वास घेतला. तुपाचा.

“खायला काय घालता?”

“कोंडा. सणाला जास्त कोंडा.”

“तूप?”

“मलाच मिळत नाही, मुकुंदराव.”

मुकुंदराव तिच्याबरोबर मेलकावेरीला तिच्या घरी गेले. परसात एकूण अकरा जीव होते. नऊ कोंबड्यांच्या माना बोडक्या. कोंबडा मात्र धडधाकट; त्याचा तुरा तर नवरदेवाच्या फेट्याएवढा. टोपलीत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीही पिसांनी भरलेली.

“हे कधीपासून?”

“दोन महिने झाले.”

“आणि हे कुंपण?”

“आठ महिने. शेजारच्या व्यंकोबांनी घातलं. त्यांच्या अप्पांनी तेव्हा अंथरूण धरलं होतं.”

कुंपण बांबूच्या उभ्या पट्ट्यांचं होतं. फटी तीन बोटांच्या. एकाच जागी, वीतभर उंचीवर, पट्ट्या घासून तुळतुळीत झाल्या होत्या. पलीकडे त्याच जागी सारवलेल्या चौकोनात छोटी रांगोळी होती आणि तिच्याशेजारी बसायचा एक जुना दगड.

“तिकडंच थांबा. मी सोवळ्यात आहे,” पलीकडून आवाज आला. ओला पंचा नेसलेले व्यंकोबा कुंपणाकडे पाठ करून उभे होते. तक्रार त्यांचीच.

“ही रांगोळी कसली?” मुकुंदरावांनी त्यांच्या पाठीला विचारलं.

“कावळ्याच्या पानाची. अप्पांना जाऊन सहा महिने झाले. दहाव्याला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.” व्यंकोबांनी पंच्याचं टोक पिळलं. “गवताचा. पोटच्या मुलानं बापाला गवताचा कावळा दाखवला. तेव्हा ठरवलं, रोज पान ठेवायचं. खरा कावळा शिवल्याशिवाय आपण जेवायचं नाही.”

“मग?”

“चार महिने जेवायला तीन-तीन वाजले. आता बाराच्या ठोक्याला शिवतो. दोन महिने झाले.”

“तुम्ही पाहता?”

“टाळ्या वाजवून पाठ करतो. पलीकडचं दिसलं तर पुन्हा अंघोळ. अंबुजा सांगते.”

दारात त्यांची बायको अंबुजा उभी होती. ती लगबगीनं आत गेली, कॉफी उतू जात असल्यासारखी. चुलीवर कॉफी नव्हती. चूल परसातून दिसत होती.

पावणेतीनला नगरपालिकेचा माणूस चुन्याचं पोतं घेऊन आला. मुकुंदरावांनी त्याला पोत्यावरच बसवलं आणि सगळ्यांना कुंपणापाशी बोलावलं. व्यंकोबा पाठ करूनच आले.

“देवी असत्या तर खपल्या डोळ्यांभोवती उठल्या असत्या, तोंडात गेल्या असत्या,” मुकुंदराव म्हणाले. “इथं त्या रेषेत आहेत. देवी पट्टी लावून येत नाहीत. पिसं गळलेली नाहीत, घासून तुटलीत. ह्या नऊजणी रोज ह्या फटीतून मान घालतात. कोंबड्याचा तुरा आत जात नाही, म्हणून तो वाचला. खुडूक कोंबडी उठतच नाही, म्हणून ती वाचली. रोग असा माणसं निवडून होत नाही.”

“कोंबड्या,” नगरपालिकेच्या माणसानं दुरुस्त केलं.

“कोंबड्या. पलीकडं रोज बाराला तूप-तीळ घातलेला भात असतो. कावळ्यासाठी पान कुणीही उंचावर ठेवील. इथं ते कुंपणाला चिकटून, जमिनीवर. दोन महिन्यांपूर्वी ते कुठं होतं, अंबुजाक्का?”

आधी कोंबडा बोलला, पण मुद्द्याचं नाही.

“विहिरीच्या कठड्यावर,” अंबुजा म्हणाली. “मीच खाली आणलं.”

व्यंकोबा आठ महिन्यांत पहिल्यांदा वळले.

“रोज विचारायचो तुला. शिवला का? तू म्हणायचीस, शिवला.”

“चार महिने भोवळ येऊन भिंत धरत होतात. अप्पांची काय इच्छा राहिली मला ठाऊक नाही. तुमचं पोट मला ठाऊक आहे.”

“म्हणजे अप्पा अजून उपाशी.”

ह्याला औषध नव्हतं. मुकुंदराव चष्मा पुसत राहिले.

मग कामाक्षी हळूच म्हणाली, “अप्पांनी शपथ घातली होती, म्हणून मी बोलले नव्हते. त्या दगडावर बसून तेच घालायचे ह्या कोंबड्यांना भात. रोज, आपल्या पानातला. तुम्ही देवळात गेलात की. कुंपण झाल्यावर एकदा बिछान्यातून विचारलं होतं त्यांनी, आता कोण घालतं म्हणून.”

व्यंकोबांनी दगडाकडे पाहिलं. मग बोडक्या मानांकडे, एकेक करून.

त्यांनी नगरपालिकेच्या माणसाकडून कागद घेतला आणि तक्रार मागे घेतल्याची सही केली. मग पंच्याचा काचा मारला, घासलेली पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि उपटली. दुसरीही उपटली. एक कोंबडी सरळ त्यांच्या पायांवरून आत गेली आणि दगडापाशी जाऊन उभी राहिली. व्यंकोबा हलले नाहीत.

“आज मी जेवलोय,” ते अंबुजाला म्हणाले. हा आरोप होता की कबुली, ते तिला कळलं नाही. ती कोंबड्यांसाठी भात आणायला आत गेली.

मुकुंदराव तिथंच अहवाल लिहायला बसले. रोग : नाही. कारण : भूक. कुणाची, असा रकाना छापील कागदावर नव्हता.