करंजेल आणि चार तारा

सरूची आणि रघूची पहिली गाठ पडली ती रघूच्या गुडघ्यावर. धाटावच्या कंपनीतली सकाळची शिफ्ट संपवून तो रोह्याहून रेल्वेने पेणला निघाला होता, खिडकीशी बसून पेंगत होता. तेवढ्यात काळ्या कव्हरातलं काहीतरी लांबलचक आणि जड त्याच्या गुडघ्यावर येऊन आदळलं.

"लागलं का हो?" कव्हराच्या मागून आवाज आला.

"नाय," रघू म्हणाला. चांगलंच लागलं होतं. "बंदूक हाय काय?"

"व्हय. गप बसा, नायतर चालवीन."

मग कव्हराच्या मागून चेहराही आला, आणि रघूची झोप जी उडाली ती त्या दिवसापासून उडालीच. मुलगी समोर बसली. कव्हर मांडीवर आडवं घेतलं, तान्ह्या पोराला घ्यावं तसं.

"बेस गिटार आहे," ती म्हणाली. "चारच तारा, पण जाड."

"वाजवा की मग."

"गाडीत वाजवून काय उपयोग? हिला वीज लागते. विजेशिवाय ही नुसती पुटपुटते."

"आमची आये पुटपुटते तशी?"

ती हसली. हसताना खाली बघायची तिची सवय रघूने तेव्हाच टिपून ठेवली.

सरू वरच्या, भातशेतीच्या गावातली, पण रोह्याजवळच्या अष्टमी गावात मामाकडे राहायची आणि मामाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कथलाचे डाग देत बसायची. रविवारी दुपारच्या गाडीने जित्याला जायची, कमळाकरच्या ऑर्केस्ट्राच्या तालमीला. हा ऑर्केस्ट्रा हळदीच्या कार्यक्रमांना वाजवायचा. त्यांचा बेसवाला नोकरीसाठी गाव सोडून गेला, जाताना त्याची गिटार सरूने घेतली आणि ती तिच्या गळ्यातच पडली. गिटारची वायर खुपसायचा सैल झालेला जॅक तिने स्वतः डाग देऊन बसवला होता, मान वाकली तेव्हा आतली सळी पिळून सरळ केली होती. रघूला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती बोलत असली की त्याला सगळं कळल्यासारखं वाटायचं. पुढे तो रविवारची शिफ्ट मागून घ्यायला लागला. कंपनीत सगळे रविवारची सुट्टी मागतात, हा एकटा काम मागतो, म्हणून सुपरवायझर त्याच्याकडे संशयाने बघायचा.

एका रविवारी तिने विचारलं, "तुझं गाव पेणच ना?" एव्हाना अहो-जाहो गाडीतून कधीच उतरलं होतं.

"पेणच्या पुढं... खाडीकडं."

"खारेपाटात?"

"व्हय."

सरू तारा पुसत राहिली. खारेपाटात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे हाल, त्यामुळे वरच्या भातवाल्या गावांतले बाप तिकडे मुलगी द्यायला तयार नसतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. उधाणाच्या भरतीत बांध फुटून खांड गेली की छातीभर चिखलात उतरणारा हा गडी. पण त्या दिवसापासून त्याला भीती लागली. मनातलं बोलावं, आणि तिने पाण्याचं नाव काढावं, अशी भीती. म्हणून तो काही बोललाच नाही.

मे संपत आला तेव्हा सरू गाडीत आली तीच रडवेल्या चेहऱ्याने.

"बाबा येतायत मामाकडे, आठवडाभर राहायला," ती म्हणाली. सरूचे बाबा, हैबतराव, गिटारबद्दल काही जाणत नव्हते. आपली मुलगी लोकांच्या हळदीत वाजवणार हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "पुढच्या सोमवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत. मामा म्हणतो, हे धूड आधी घरातून हलव."

"मग?"

"तू ठेवशील? आठच दिवस. आज तालीम नाय, ही तुला द्यायलाच आले. रविवारी जित्यालाच हळद आहे, कमळाकर मला पहिल्यांदा मांडवात बसवणार. जमलं तर जागा माझी, नायतर तो पनवेलहून कुणी पोरगा आणणार."

"जमंल की."

"जमलं तर त्याच रात्री बाबांना सगळं सांगीन, पाहुणे नकोत म्हणून पण सांगीन. आणि नाय जमलं, तर..." ती खिडकीबाहेर बघायला लागली. "तर माझ्यात तेवढी हिंमत उरायची नाय रे. पाहुण्यांना हो म्हणून टाकीन."

गिटार कमळाकरकडेही ठेवता आली असती. हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल.

"ऊन नको, ओल नको. आडवी ठेव," उतरण्याआधी सरूने बजावलं. "घामाचा हात लागला तर तारांना गंज चढतो. तुमच्याकडची हवा खारी, तेव्हा जप."

"जिवापेक्षा जपतो," रघू म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याचे कान तापले.

आणि त्याने जपली. तिथेच तर घोटाळा झाला.

तिसऱ्या दिवशी त्याने कव्हर उघडून पाहिलं तर तारांवर बारीक तांबूस ठिपके. बाहेर ओटीवर आई, धोंडुबाई, मिठागराची हत्यारं पुसत बसली होती. मीठ काढून संपलं की फावडी, पहारी, कोयते सगळं घासायचं, करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, चोपडायचं आणि गोणपाटात गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर टाकायचं. पावसाळाभर गंज त्यांच्या वाऱ्याला उभा राहत नाही. त्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलेलं.

"लोखंडच ना ते?" धोंडुबाई म्हणाली. "मंग तेल लाव. त्यात इचारायचं काय?"

रघूने तेल लावलं. थोडंथोडकं नाही. नवरदेवाला हळद लावावी तसं दोन्ही हातांनी, प्रेमाने, तारांच्या वेढ्यावेढ्यांत बोट घालून, जॅकच्या भोकातसुद्धा लावलं. मग गोणपाटात गुंडाळून गिटार माळ्यावर आडवी ठेवली आणि ती घरात आल्यापासून पहिल्यांदा तो शांत झोपला.

शनिवारी शिफ्टला डबा खाताना त्याने ही हुशारी जगनला ऐकवली. जगन त्याच्याच खात्यातला, आणि कमळाकरच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचा. ऐकता ऐकता जगनचा घास हातातच राहिला.

"तारंला तेल? येड्या, तार मेली. तेल आत गेलं का ती बोलत नाय, नुसती थप् थप् करते. उद्या तिची पयली हळद हाय ना?"

रघूने डबा तसाच बंद केला. घरी येऊन त्याने तारा धोतराच्या फडक्याने पुसल्या, पुसून पुसून बोटं काळी झाली, पण करंजेलाचा कडू वास काही हटेना. एक तार छेडून पाहिली. त्याला वाटलं ती आधीही अशीच वाजायची. मग वाटलं, नाही. मग काहीच कळेना, आणि ते न कळणं जास्त भयंकर होतं. संध्याकाळी सरूचा फोन आला.

"कशी आहे माझी बाय?"

"ब... बरी हाय."

"तुझा आवाज का असा?"

"शिफ्ट..." रघू म्हणाला. "दमलो."

"मला ना, आतापासूनच हात गार पडलेत. पण गिटार तुझ्याकडे आहे म्हणून त्या बाजूने निर्धास्त आहे बघ."

फोन ठेवून रघू ओटीवर बसला. सांगितलं तर ती आजच खचेल. नाही सांगितलं तर उद्या मांडवात खचेल, चारचौघांत. आणि खचली की सोमवारी पाहुणे आहेतच. कुठूनही गेलं तरी वाट त्याच पाहुण्यांपाशी जात होती. आपण आपल्या हातांनी, तेल लावून लावून तिला दुसऱ्याच्या घरी पाठवतोय.

रविवारी दुपारी गाडी पेणला आली तेव्हा सरू दारातच उभी होती. अबोली रंगाचा ड्रेस, केसांत गजरा, आणि चेहरा मात्र परीक्षेला निघालेल्या पोरीचा. रघू कव्हर घेऊन चढला. तिने नाक मुरडलं.

"कसला वास रे हा?"

रघूने रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"करंजेल," तो म्हणाला. "मी लावलं. तारांना. गंज दिसला म्हणून... आमच्यात हत्यारांना लावतात." आणि मग एका दमात, "मी बिघडवली तुझी गिटार. काल फोनवर पण सांगितलं नाय, भ्यालो."

सरूने चेन उघडली. तारेवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. गाडी सुरू झाली, हमरापूर आलं, गेलं, तरी ती बोलेना. तिने शिव्या घातल्या असत्या तर रघूला बरं वाटलं असतं. तिचा हात तारेवरच होता आणि तो धरायचीही त्याची हिंमत नव्हती.

जित्याला उतरल्यावर ती पहिलं वाक्य बोलली.

"मांडवात चूल पेटलेली असेल ना?"

"असंल की. हळदीचं जेवण..."

"मग चल लवकर."

मांडवामागे मोठमोठी भांडी चढली होती. स्वयंपाकाची सूत्रं सीताबाई नावाच्या धिप्पाड बाईच्या हातात होती. सरू तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मावशी, एक टोप उकळतं पाणी द्याल? आणि मूठभर धुण्याचा सोडा."

"काय शिजवतेस गो?"

"तारा."

सीताबाईने तिच्याकडे पाहिलं, मग मागे चोरासारख्या उभ्या रघूकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजून टोप पुढे सरकवला. सरूने चारही तारा सोडवून वेटोळी करून पाण्यात टाकल्या. बायका भाकऱ्या थापायच्या थांबून बघायला लागल्या. थोड्या वेळाने पाण्यावर तेलकट, काळा तवंग आला.

"ऑर्केस्ट्रातले सगळे करतात असं," सरू हळूच म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "मळ निघतो. करंजेल निघतं का, ते मला माहीत नाय."

तारा पुसून तिने तव्याच्या कडेला वाळवल्या. रघूला गिटारचं लाकूड पुसायला बसवलं. जॅक तिने पिशवीत नेहमी असणाऱ्या, मामाच्या दुकानातल्या थिनरने साफ केला. मग एकेक तार चढवून पिळायला लागली. तीन चढल्या. चौथी, सगळ्यांत बारीक, पिळता पिळता ताडकन तुटली आणि तिच्या मनगटावर लाल रेघ उमटली. सरू हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. रघूला वाटलं, संपलं.

एवढ्यात कमळाकर डोकावला. "झालं काय गो? हळदीचं पाहुणं बसलंत."

"आले," सरू म्हणाली. उठताना तिने रघूकडे पाहिलंच नाही.

उन्हं उतरता उतरता पहिलं गाणं सुरू झालं. रघू स्पीकरच्या बाजूला खांबाला धरून उभा राहिला. जगनची ढोलकी त्याला ऐकू येत होती, कीबोर्ड ऐकू येत होता, कमळाकर गात होता. सरूची गिटार कुठेच ऐकू येईना. तिची बोटं मात्र चालत होती, तेलाने मधूनच घसरत होती, ओठ दातांखाली दाबलेला. मेलीच तार, त्याला वाटलं. त्याने डोळे मिटून घेतले. मग त्याला कळलं की हातातला खांब हलतोय. बरगड्यांतही काहीतरी हलत होतं, कडवं संपून सरू क्षणभर थांबली तेव्हा ते थांबलं आणि सगळा मांडव एकदम पोकळ झाला. तिने पुन्हा सुरुवात केली तशा नाचणाऱ्या बायकांच्या पावलांना परत जमीन मिळाली. रघूने डोळे उघडले. भीती गेली नव्हती, पण आता तिच्यात दुसरंही काहीतरी मिसळलं होतं.

विश्रांतीत कमळाकर गिटारपाशी आला, तीन तारा पाहिल्या, वास घेऊन तोंड वाकडं केलं. "पुढच्या हळदीला चौथी लावून आण," एवढंच म्हणून तो चहाला गेला.

सरू मांडवामागे आली आणि मटकन बाकड्यावर बसली. रघू जरा अंतर ठेवून उभा राहिला.

"मिळाली जागा," ती म्हणाली.

"मिळाली," तो म्हणाला. त्याने अंतर काही कमी केलं नाही.

"आता तरी सोड ना ती भीती. वाजली की गिटार."

"गिटारची नव्हती भीती."

"मग?"

पुढे जे आलं ते त्याने जुळवलेलं नव्हतं. "तू जाशील याची होती. गिटार बिघडली असती तर तू पाहुण्यांना हो म्हणाली असतीस... आणि नाय बिघडली तरी आमच्यात पाणी नाय, तुझे बाबा द्यायचे नायत. म्हणून मी बोललोच नाय. इतके रविवार."

सरू खाली बघायला लागली. पण या वेळी ती हसत नव्हती.

"मला वाटलं, तुला फक्त गाडीपुरती बरी वाटते मी," ती म्हणाली. "म्हणून हो म्हणणार होते. गिटारचं तर निमित्त होतं रे."

आतून कमळाकरने हाक मारली. सरू उठली, दोन पावलं गेली आणि वळली.

"बाबांना आज रात्री गिटारचं सांगते. तुझं मात्र मी नाय सांगणार. पाहुणे उद्या सकाळच्या दुसऱ्या गाडीने येतायत. तू पहिल्या गाडीने मामाकडे ये. आईला घेऊन. आणि बाबा पाण्याचं विचारतील, तेव्हा खोटं बोलू नकोस."

हैबतराव, धोंडुबाई, पाणी, पहिली गाडी, सगळं एकदम रघूच्या अंगावर चालून आलं. पळून जावंसं वाटलं.

"येतो," तो म्हणाला.